बाई, नाव व्हायला पाहिजे

या खेपेला आलेल्या पत्रांत पाच जणांचं दुखणं एकच निघालं. कुणी खानापूर तालुक्यातून, कुणी निपाणीकडून, एक तर बेळगावात आमच्या वडगावातूनच, चार गल्ल्या सोडून. संपादक म्हणाले, एकदमच घ्या. घेतली. पत्रं लांब होती, ती कापली आहेत. शुद्धलेखनही सुधारलंय, छत्तीस वर्षं सहावी-सातवीला मराठी शिकवल्यावर हात आवरत नाही.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, खानापूर तालुक्यातला. भरतीची तयारी करतो. पहाटे साडेचारला रस्त्यावर पळायला असतो. १६०० मीटरला अजून ५ मिनिटं ५० सेकंद लागतात. आई म्हणते, चार वर्षांनी परत येऊन काय करणार? मित्र म्हणतात, वर्दीतला फोटो टाकायला चाललायस. खरं सांगतो बाई, ते थोडं खरं आहे. मला नाव करायचंय. 'बॉर्डर' बारा वेळा बघितलाय. नावासाठी सैन्यात जाणं चूक आहे का?

उत्तर : बाळा, आधी त्या वीस सेकंदांचं बघ. साडेपाच मिनिटांत आलास तर पळण्याचे साठपैकी साठ गुण. पुढं दर पंधरा सेकंदांना गुण गळत जातात. दहा पुलअप्सचे चाळीस वेगळे. आईचा प्रश्नही हसण्यावारी नेऊ नकोस. अग्निवीर म्हणून चार वर्षं, त्यातले शंभरात पंचवीसच पुढं कायम होतात. बाकीचे सेवानिधीचे ११ लाख ७१ हजार घेऊन घरी येतात, तेव्हा वय असतं बावीस-तेवीस. त्या पैशाचं आणि त्या वयाचं काय करणार, हे आईजवळ बसून कागदावर मांड. तिला उत्तर नकोय, तू विचार केलायस एवढं दिसायला हवंय.

आता तुझा सिनेमा. त्यात सुनील शेट्टीनं केलेला सीमा सुरक्षा दलाचा भैरोंसिंग आठवतो ना? सुरुंग घेऊन रणगाड्याखाली जातो आणि मरतो. थिएटरात शिट्ट्या आणि हुंदके एकदम. खरे भैरोंसिंग राठोड एकाहत्तरच्या युद्धात लोंगेवालाला होते, लढले, १९७२ साली सेना मेडल घेतलं आणि राजस्थानात आपल्या गावी म्हातारे झाले. वारले ते डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे सिनेमा १९९७ ला आल्यापासून पंचवीस वर्षं हा माणूस पडद्यावर मरत होता आणि घरी चहा पीत होता. सिनेमाला त्यांच्या जिवंत राहण्याचं काय करावं ते कळलं नाही. बारा वेळा बघितलास तेव्हा हे कुणी सांगितलं नसणार, म्हणून सांगितलं.

माझे वडील जंगी पलटणीत होते. पहिली मराठा, १७६८ ची पलटण. माणसाचं नाव विचारलं तर पलटणीचं आधी सांगायचे. पण ते होते लांगरी. लांगरी म्हणजे आचारी. एकाहत्तरला ही पलटण आताच्या बांगलादेशात जमालपूरला लढली, तेव्हा मी दहा वर्षांची. ते परत आल्यावर गल्लीतली पोरं गोळा झाली, लढाई सांगा म्हणून. वडील म्हणाले, "गोळी कुठनं आली ते मला ठावं न्हाई. डाळीचं पातेलं उलटलं, तेवढं ठावं." पोरं निघून गेली. मलाही लाज वाटली, हे खोटं कशाला बोलू. वर्गात एकीचे वडील टँकवर होते. मी सांगितलं, माझेपण.

पुढं शिक्षिका झाल्यावर याच पलटणीच्या नामदेव जाधवांचं वाचलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, इटली, सेनिओ नदी. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांचं काम काय होतं? कंपनीचे रनर. निरोप्या. ज्यांचे निरोप पोचवायचे ती माणसं जखमी होऊन पडली, म्हणून त्यांना उचलून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडं आणलं. मग परत गेले, मशिनगनची एक जागा बंदुकीनं गप्प केली, हात जखमी झाल्यावर बंदूक टाकून हातबॉम्बनी आणखी दोन मोडल्या, आणि बांधावर उभं राहून पलटणीची गर्जना देत बाकीच्यांना बोलावत राहिले. नंतर एकोणचाळीस वर्षं जगले.

आणि आपल्या बाजूचे म्हणशील तर कारवारकडच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे. १९४८ च्या एप्रिलमध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीला रणगाडे जायचे होते, आणि वाटेत सुरुंग, पाडलेली झाडं, उडवलेले रस्ते. राण्यांनी चार दिवस ती वाट साफ केली. एका जागी तर रणगाड्याखाली सरपटत राहून दोऱ्या ओढून चालकाला इशारे दिले. परमवीरचक्र जिवंतपणी घेणारे ते पहिले. काम बघ ना: रस्ता झाडायचं!

नावासाठी जाणं चूक नाही. सगळेच थोडे नावासाठी जातात. पगारासाठी जातो म्हणायची ज्यांना लाज वाटते, ते तर फारच. पण कुठल्या कामात नाव होईल हे भरतीच्या मैदानावर कळत नाही. तुला लांगरी केलं तर? निरोप्या केलं तर? तरी जाशील का, हे स्वतःला विचार. 'हो' आलं तर वर्दीतला फोटो खुशाल टाक, मला पण पाठव.

प्रश्न : वय ५४, निपाणीजवळ राहतो, बँकेत आहे. वीस वर्षं कथा लिहितो. दिवाळी अंकांना पाठवतो, उत्तर येत नाही. एक प्रकाशक ६० हजार मागतोय. एका संस्थेनं 'साहित्यरत्न' पुरस्कार जाहीर केलाय, पण 'नोंदणी शुल्क' २,५०० रुपये भरायला सांगितलंय. भरू का?

उत्तर : पुरस्काराचे भरू नका. शाल खडेबाजारात तीनशेला मिळते, श्रीफळ देवळात. ऐंशी रुपयांत फ्रेम करून घ्या आणि पत्नीच्या हस्ते सत्कार करवून घ्या. निदान तिनं तुमच्या कथा वाचलेल्या असतील. (नसतील तर हा विषय आधी घरात मिटवा.)

साठ हजारांचं जरा सबुरीनं घ्या. किती प्रती, कोण विकणार, न विकलेल्या कुणाकडं राहणार, हे लिहून मागा. मी १९९४ साली कवितासंग्रह काढला, स्वतःच्या पैशानं, पाचशे प्रती. प्रकाशकानं चारशे दहा रिक्षात घालून घरी पाठवल्या आणि फोन घ्यायचा बंद झाला. त्या कॉटखाली ठेवल्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. तिसऱ्या वर्षी कसर लागली. आता उरलेल्यांचा एक गठ्ठा कॉटच्या मोडक्या पायाखाली आहे. माझी कविता मला रोज रात्री उचलून धरते, असं मी संमेलनात सांगते, तेवढाच हशा मिळतो.

बँकेच्या नोकरीची खंत तुमच्या पत्रात तीनदा आली आहे, म्हणून हे. निपाणीत महादेव मोरे होते. २०२४ साली गेले. वर्षानुवर्षं पिठाची गिरणी चालवली. ड्रायव्हर, हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्यावर लिहीत राहिले, त्यांच्याच बोलीत. पुण्या-मुंबईत त्यांचा जयजयकार झाला असं कुणी म्हणणार नाही. पण वखारीतली बाई कशी बोलते हे पुढच्या माणसाला बघायचं असेल तर मोऱ्यांकडंच यावं लागणार. दळण घेऊन आलेल्या बायकांचं बोलणं त्यांच्या कानावर दिवसभर पडत होतं. तुमच्या काउंटरपुढं काय कमी बोलतात लोक? पीककर्जाला आलेला माणूस आधी अर्धा तास पावसाचं बोलतो, मग मुद्द्यावर येतो. तो अर्धा तास लिहिलाय का तुम्ही? पत्रासोबत पाठवलेल्या दोन्ही कथा लंडनमध्ये घडतात. लंडनला गेला होतात का, विचारलं नाही.

इंदिरा संत आमच्या बेळगावच्या. पहिला संग्रह पतीबरोबर १९४० साली, साहित्य अकादमी १९८४ साली. मध्ये चव्वेचाळीस वर्षं. पती १९४६ ला गेले. त्यानंतर मुलं वाढवली, नोकरी केली आणि लिहिलं. त्या काळात कुणी त्यांच्याकडं नोंदणी शुल्क मागितल्याचं ऐकिवात नाही.

येत्या हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी, कुठल्याही ग्रामीण संमेलनाला जा. मांडवात शेतकरी बसलेले असतात, कंटाळले की उठून जातात. एक कथा वाचा. उठले नाहीत तर ती कथा दिवाळी अंकाला पाठवा.

जाता जाता वडिलांची एक गोष्ट, कारण लेखणीची आहे. जमालपूरला वेढा पडल्यावर आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या बलुच पलटणीच्या अधिकाऱ्याला शरण या म्हणून पत्र लिहिलं. उत्तराच्या कागदात गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली, आणि मजकूर असा की, लेखणी तुम्ही फार छान चालवता, पुढच्या भेटीत हातात स्टेनगन असू द्या. दोन्ही अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. पत्र घेऊन सायकलवरून शत्रूच्या ठाण्यात गेलेला माणूस मुक्तिवाहिनीचा, जोहुरुल हक मुन्शी. तिथं त्यानं मार खाल्ला आणि उत्तर घेऊन परत आला. बांगलादेशानं त्याला बीरप्रतीक हे शौर्यपदक दिलं, तेही दोनदा. वडिलांना अधिकाऱ्यांची नावं कधी आठवायची नाहीत. "सायकलवाला" म्हणायचे.

प्रश्न : आमचं हातमागाचं घर, आता पॉवरलूम. मुलगा मुंबईला मालिकांत काम करतो. ऐतिहासिक मालिकेत मावळा झाला होता. आम्ही सगळी गल्ली बोलावून टीव्ही लावला. तो चार सेकंद दिसला आणि बाण लागून पडला. बायका म्हणाल्या, "एवढंच व्हय?" आता महिन्यातून सहा-सात दिवस काम मिळतं, भाडं आम्ही पाठवतो. परत ये म्हटलं की फोन ठेवतो.

उत्तर : अक्का, पहिली चूक गल्ली बोलावली ही. आमच्या घरातही झाली आहे. माझा धाकटा भाऊ १९८३ च्या सुमारास कोल्हापूरला स्टुडिओत गेला. लढाईच्या सिनेमात एक्स्ट्रा. एकाच दिवसात तीनदा मेला, दरवेळी पागोटं बदलून. दोनदा मोगल, एकदा मराठा. रोजाचे पैसे आणि दुपारचं जेवण. सिनेमा लागला तेव्हा आम्ही अकरा जण बघायला गेलो, वडीलही. भाऊ पडद्यावर आला आणि नेमकी त्याच्या तोंडापुढून घोड्याची शेपूट गेली. बाहेर आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "जेवण कसं होतं रं तिथलं?" भावाला ते फार लागलं. मला आता वाटतं, त्यांच्याकडं विचारण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते त्यांनी मनापासून विचारलं.

या धंद्याची सुरुवातच अशी. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'त फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाचा खानावळीतला आचारी उभा केला. चार वर्षांनी त्याच साळुंक्यांनी 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही कामं केली. लोकांनी डोक्यावर घेतलं. आणि फाळके स्वतः? १९४४ साली नाशिकला गेले तेव्हा त्यांना विचारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. भगवानदादांचं तर आमच्या पिढीनं बघितलंय. १९५१ च्या 'अलबेला'नंतर बंगला, गाड्या, आणि शेवट दादरच्या चाळीत. हे मुलाला सांगू नका, त्याला ते आधीच ठाऊक असतं आणि आपण वेगळे असं वाटतं. तुम्हांला सांगते, कारण चार सेकंद आणि चाळीस सिनेमे यांत वाटतं तेवढं अंतर नसतं.

परत ये म्हणू नका. दर महिन्याच्या एक तारखेला फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: किती दिवस काम झालं, किती पैसे हातात आले, किती येणं बाकी आहे. वहीत लिहा. लूमचा हिशेब ठेवता ना? तसाच. भाडं किती महिने पाठवणार ते आकड्यात सांगा, बारा म्हणा, आणि तेराव्याला पाठवू नका. कॅमेऱ्यामागचं काही शिकतोय का तेही विचारा. माझा भाऊ पडद्यावर मरता मरता ड्रेपरीवाल्यांकडं, म्हणजे कपडेपटात, पागोटी बांधायला शिकला. पुढं चाळीस वर्षं लग्नांत फेटे बांधले, घर त्यावर उभं केलं. गंमत म्हणजे गल्लीत आजही त्याची ओळख 'सिनेमातला' अशीच आहे.

प्रश्न : समर्थ 'देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी' म्हणतात आणि 'कीर्ती पाहों जातां सुख नाहीं, सुख पाहातां कीर्ती नाहीं' हेही म्हणतात. मग करायचं काय? (निवृत्त कारकून, चिकोडी)

उत्तर : दोन्ही खरं आहे. आधी त्यांनी माल दाखवला, मग किंमत सांगितली. आपल्याकडचे बहुतेक दुकानदार दुसरं सांगत नाहीत.

प्रश्न : नाव, गाव देत नाही. माझे पती सैन्यात होते. तीन वर्षांपूर्वी गेले. गावानं कमान बांधली, आता पुतळा करणार. दर २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि त्यांच्या दिवसाला मला स्टेजवर बोलावतात, बोला म्हणतात, रडायला आलं की मोबाईल वर होतात. मुलगा आठ वर्षांचा आहे. गेल्या वेळी त्याला वडिलांची टोपी घालून सॅल्यूट करायला लावला. रात्री त्याला ताप आला. यंदा जायची इच्छा नाही. सासरे म्हणतात, गावानं एवढा मान दिलाय, लोक काय म्हणतील.

उत्तर : पोरी, तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण चारदा वाचूनही काय लिहावं कळत नव्हतं.

आपल्या भागात जुन्या देवळांबाहेर वीरगळ असतात, लढून पडलेल्यांचे कोरीव दगड, तुझ्या गावातही असेल. मी मुलांना सहलीला नेऊन दाखवायची. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाईगुरं वाचवण्यासाठीची. मधल्या चौकटीत अप्सरा त्या माणसाला उचलून नेतात. वरच्या चौकटीत तो महादेवाच्या पिंडीपुढं बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर याचं नाव. आता पंचाईत अशी की, पुष्कळ दगडांवर नावच नाही. कर्नाटकात जुन्या कन्नडमध्ये कोरलेलं सापडतं, घाटावर महाराष्ट्रात बहुतेक कोरे. चंद्रसूर्य आहेत, नाव गेलं. काही ठिकाणी लोकांनी शेंदूर फासून त्याचा देव केलाय, काही ठिकाणी त्याच्यावर धुणं आपटतात.

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्याची बायको कुठाय?" मी तिला शेजारचा दगड दाखवला. बांगड्या भरलेला एक हात, कोपरात वाकलेला. सतीचा दगड. पोरी गप्प झाल्या. त्या माणसाचा मान पुरा व्हायला गावाला ती बाईही लागत होती. आता जाळत नाहीत, स्टेजवर उभी करतात. हे वाक्य संपादकांनी काढायला सांगितलं होतं, मी काढलं नाही.

गाव वाईट नाही. गावाला खरंच काहीतरी करावंसं वाटतं, आणि पुतळ्यापलीकडं सुचत नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगाव संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १४७ दिवस अडकल्या, घोडी खायची वेळ आली, शेवटी एप्रिल १९१६ मध्ये शरणागती. तिथून न आलेल्यांच्या घरी पाटीवरचा एक आकडा आला. त्याच्यापेक्षा कमान बरी, तिच्यावर नाव तरी आहे. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी दिलं. तिथल्या वडाला आज बायका पाळणे बांधतात, मूल व्हावं म्हणून. गेलेल्या माणसाचं लोक काय करतील ते आपल्या हातात नसतं. पण तू गेलेली नाहीस, आणि मुलगाही.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करूया. पुतळा गावाचा आहे, होऊ दे, भांडू नकोस. पैशाचं मात्र विचार: पाण्याला, रंगाला, साफसफाईला दरवर्षी कोण खर्च करणार? उद्घाटनाला सगळे असतात, कावळ्यांनी घाण केल्यावर कुणी नसतं. तो भार तुझ्यावर येऊ देऊ नकोस. पेन्शनचं, मुलाच्या शिक्षणाचं काही अडलं असेल तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आणि त्यांच्या रेजिमेंटच्या सेंटरला लेखी कळव, पोच घे. त्यासाठी कुणाच्या स्टेजवर जावं लागत नाही.

मुलाला वडिलांचं सांग, पण लढाईचं नको. कुठली भाजी टाकायचे, कोणावर चिडायचे, सायकल कशी शिकले. माझ्या वडिलांची मेडलं बिस्किटाच्या डब्यात आहेत, मी वर्षातून एकदाही उघडत नाही. पण डाळीला फोडणी दिली की ते आठवतात, कारण मोहरी तडतडल्याशिवाय जिरं टाकू द्यायचे नाहीत.

सासऱ्यांना बोलून पटणार नाही, त्यांचा मुलगा गेलाय, त्यांना तो मान धरायलाच लागतो. त्यांना स्टेजवर जाऊ दे, ते बरे बोलतील. तू फक्त चिठ्ठी दे. शब्द सापडत नाहीत म्हणालीस, म्हणून मीच लिहून देते. पत्रात तू कंसात एक ओळ लिहिली होतीस, तीही घेतली आहे. उतरवून काढ, खाली सही कर.

'मंडळाच्या अध्यक्षांस सा. न. वि. वि. यंदाच्या कार्यक्रमाला मी येणार नाही, मुलालाही पाठवणार नाही. त्या दिवशी आम्ही त्याच्या मामाकडं असू. मामंजी येतील, त्यांना खुर्ची द्यावी, त्यांचे गुडघे दुखतात. कमानीवर यांच्या वडिलांच्या नावात एक काना राहिला आहे. कन्नडमध्ये बरोबर आहे, मराठीत चुकलं आहे. पुतळ्याआधी तेवढा घालून घ्यावा.'